उथळ पाण्याला खळखळाट फार

ही म्हण आपण माणसांसाठी वापरतो. फार बोलणाऱ्या, थोडं जाणणाऱ्या माणसांसाठी. पण एक काम असं आहे की जिथे ती अगदी शब्दशः खरी ठरते आणि तिची किंमत माणसांच्या जिवात मोजावी लागते. ते काम म्हणजे पाण्याखालची पाणबुडी कानाने शोधणं.

आता वाशिमच्या माणसाने समुद्रावर लिहावं म्हणजे जरा आगाऊपणाच. आमच्या जिल्ह्याला समुद्र तर नाहीच, मोठी म्हणावी अशी बारमाही नदीही नाही. पण एक गंमत सांगतो. आमचा जिल्हा पाणलोटाच्या धारेवर बसलेला आहे. दक्षिणेकडचं पाणी पैनगंगेतून गोदावरीला आणि तिथून पूर्वेच्या समुद्राला जातं. वाशिमजवळ काट्याच्या परिसरात उगम पावणारी काटेपूर्णा मात्र उत्तरेला वळते, पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी सुरतेपाशी अरबी समुद्राला. म्हणजे आमच्या शेतांतली काळी माती पावसाळ्यात वाहत वाहत खंभातच्या आखाताच्या तोंडाशी जाऊन बसते. तिथला समुद्रतळ अशाच गाळाचा बनलेला आहे. आणि या गाळाचा आजच्या विषयाशी थेट संबंध आहे, म्हणून ही प्रस्तावना.

पाण्याखाली डोळे चालत नाहीत. उजेड फार खोलवर पोचत नाही, रडारच्या लहरी तर पाण्यात शिरल्या की लगेच विरतात. राहता राहिला आवाज. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पाण्यात साधारण १५०० मीटर, आणि फार दूरवर जातो. लहानपणी आम्ही वाशिम स्टेशनाच्या पुढे मीटरगेजच्या रुळाला कान लावून गाडी येतेय का ते ऐकायचो. (ती लाईन २००८ साली ब्रॉडगेज झाली. आणि हो, मुलांनी हे करू नये!) गाडी दिसायच्या बरीच आधी रुळातून तिची घरघर कळायची. सोनार म्हणजे तत्त्वतः एवढंच. एक तर गुपचूप कान लावून बसायचं, नाहीतर आपणच आवाज टाकून त्याचा प्रतिध्वनी ऐकायचा. पहिल्या प्रकारात समोरच्याला आपला पत्ता लागत नाही. दुसऱ्यात लागतो.

आता अडचण अशी की जहाजाच्या पोटाला कान बसवला तर त्याला सगळ्यात आधी स्वतःच्याच इंजिनाचा आणि पंख्याचा आवाज ऐकू येतो. जात्याजवळ बसून शेजारच्या घरातली कुजबूज ऐकण्यासारखं. त्यावर उपाय सुचला तो पहिल्या महायुद्धात. अमेरिकी पदार्थवैज्ञानिक हार्वी हेज यांनी १९१७-१८ च्या सुमारास पाण्यात ऐकणारे मायक्रोफोन, म्हणजे हायड्रोफोन, एका लांब नळीत ओळीने बसवले आणि ती नळी जहाजाच्या मागे लांबवर सोडून ओढत नेली. तिला नाव पडलं ‘ईल’, म्हणजे वाम मासा. आपलं घर गोंगाटाचं असेल तर कान अंगणात नेऊन ठेवावा, इतकी साधी कल्पना. युद्ध संपलं, कल्पना अडगळीत गेली, आणि शीतयुद्धात अणुपाणबुड्या आल्यावर १९६० च्या दशकात पुन्हा बाहेर निघाली. तिलाच आज टोड ॲरे सोनार म्हणतात.

शेपूट लांब का लागतं तेही सांगतो. पाणबुडीच्या यंत्रांचा दूरवर जाणारा आवाज खर्जातला असतो. समजा १५० हर्ट्झचा सूर आहे. १५०० भागिले १५०, म्हणजे त्याची एक लाट १० मीटर लांब. असा सूर कुठल्या दिशेने आला हे नेमकं कळायचं तर कानांची ओळ अनेक लाटांइतकी लांब हवी, म्हणजे शे-दीडशे मीटर. एवढी लांब वस्तू जहाजाच्या पोटाला बसणार कशी? म्हणून ती मागे सोडायची.

खोल समुद्रात हे शेपूट कमाल करतं. उथळ पाण्यात मात्र त्याची पार दैना होते. का, ते समजायला एक प्रयोग करा. मोकळ्या माळावर उभं राहून हाक मारा. हाक जाते आणि विरते. आता तीच हाक दगडी बांधीव विहिरीत वाकून मारा. आवाज घुमतो, भिंतींवर आपटतो, पाण्यावरून परत येतो, एका हाकेच्या दहा हाका होतात आणि कोणती खरी ते कळेनासं होतं. उथळ समुद्र म्हणजे आडवी पडलेली विहीर. वर लाटांचं छत, खाली तळाची जमीन, आणि आवाज या दोघांच्या मध्ये टप्पे खात पुढे जातो. एकाच पाणबुडीचा आवाज पाच वाटांनी, पाच वेगवेगळ्या वेळी येऊन पोचतो.

त्यात आडव्या शेपटाची स्वतःची एक खोड आहे. सरळ ओळीत बसवलेल्या कानांना आवाज ओळीशी किती कोन करून आला एवढंच कळतं. तो डावीकडून आला की उजवीकडून, हे कळत नाही. मग जहाजाला वळण घेऊन पुन्हा ऐकावं लागतं. आवाज सपाट आला की तळावर आपटून तिरका वर आला, हेही शेपटाला कळत नाही. त्यामुळे थेट मागे किंवा पुढे असलेली वस्तू बाजूला सरकल्यासारखी भासते.

वळण घेण्याचंही सोपं नाही. आमच्याकडे पेरणीच्या वेळी तिफणीच्या मागे दोरीने सरता बांधतात. तास सरळ आहे तोवर सगळं ठीक. धुऱ्यावर बैल वळले की मागचा सरता भलतीकडे जातो आणि तो धरणाऱ्या बाईची कसोटी लागते. शेपटाचंही तसंच. जहाज वळलं की ते धनुष्यासारखं वाकतं, आणि पुन्हा सरळ होईपर्यंत त्याचं ऐकणं भरवशाचं नसतं. जहाज हळू झालं तर ते खाली झोळ खातं. खोल समुद्रात झोळ खाल्ल्याने बिघडत नाही, पण पाणी साठ-सत्तर मीटरच असेल तर शेपूट तळाला घासतं. वेग वाढवावा तर पाणी घसटल्याचा आणि जहाजाचा आवाज वाढतो. शिवाय किनाऱ्याजवळ मच्छीमारांची जाळी असतातच.

आणि मग तो खळखळाट. मासेमारीच्या होड्यांची इंजिनं, मालवाहू जहाजांची वर्दळ, फुटणाऱ्या लाटा. यात एक मासला तर ऐकण्यासारखा आहे. उष्ण, उथळ पाण्यात एक बोटभर कोळंबी असते. ती आपली नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि ‘टक्’ असा आवाज होतो. अशा लाखो कोळंब्या एकत्र टकटकायला लागल्या की कढईत ज्वारीच्या लाह्या फुटताहेत असं वाटतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाला हा काय प्रकार आहे ते आधी उमगलंच नाही. जीवशास्त्रज्ञांना कामाला लावल्यावर गुन्हेगार सापडला.

तळाचा गाळ हा आणखी एक खेळाडू. कठीण वाळूचा किंवा खडकाचा तळ आवाज परत फेकतो, मऊ गाळ तो पिऊन टाकतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्याला लागून नद्यांनी आणलेला गाळ आहे, आणि त्यापुढे बाहेरच्या बाजूला जुनी, शंखशिंपल्यांची वाळू. म्हणजे काही मैलांच्या अंतरात तळाचा स्वभाव बदलतो. शिवाय पाणी जितकं उथळ, तितके खर्जातले सूर त्यात मावेनासे होतात. एका मर्यादेच्या खालचा सूर दूरवर जाऊच शकत नाही. हे गणित चैम पेकेरिस यांनी मांडलं. उथळ पाण्यातल्या स्फोटांच्या आवाजांवरचं त्यांचं ते काम १९४८ साली प्रसिद्ध झालं आणि आजही अभ्यासात त्याचाच पाया असतो. थोडक्यात, टोड ॲरेचं सगळं बळ खर्जाच्या आवाजात, आणि उथळ पाणी नेमका तोच खर्ज खातं!

बरं, एवढ्यावर भागत नाही. पाण्याच्या थरांचं तापमानही आवाज वाकवतं. उन्हाळ्यात हिंगोली रोडवर समोर पाणी दिसतं ना, मृगजळ? तापलेल्या डांबरावरची गरम हवा उजेडाला वाकवते म्हणून ते दिसतं. पाण्यात आवाजाचंही असंच होतं. १९३० च्या दशकात क्यूबाजवळच्या ग्वांतानामोच्या उपसागरात अमेरिकी नौदलाच्या लक्षात आलं की सकाळी उत्तम चालणारं सोनार दुपारी चालेनासं होतं. आधी संशय कोणावर? चालवणाऱ्यांवर! जेवून सुस्तावत असतील म्हणे. पुढे वुड्स होल संस्थेच्या कोलंबस आयसलिन यांनी शोध घेतला तेव्हा कळलं की दुपारच्या उन्हाने वरचं पाणी एक-दोन अंशांनी तापतं, तेवढ्यानेही आवाज खाली वाकतो आणि काही अंतरावर एक ‘सावली’ तयार होते. त्या सावलीत पाणबुडी उभी असली तरी ऐकू येत नाही. बिचाऱ्या माणसांना उगाच बोल लागला होता.

हे सगळं इतक्या विस्ताराने सांगण्याचं कारण आता येतं.

९ डिसेंबर १९७१. युद्ध सुरू होऊन सहा दिवस झाले होते. दीवच्या परिसरात पाकिस्तानी पाणबुडी असल्याचं तिच्या रेडिओ संदेशांवरून भारतीय नौदलाला कळलं होतं. तिला शोधायला मुंबईहून ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ या फ्रिगेट निघाल्या. याच ताफ्यातली ‘कुठार’ बॉयलर रूममधल्या स्फोटाने आधीच निकामी झाली होती. खुकरी १९५८ साली नौदलात आलेली, ब्रिटिश बनावटीची. तिचं सोनार त्याच काळातलं, जहाजाच्या पोटाला बसवलेलं. समोर होती ‘हंगोर’, फ्रेंच बनावटीची नवी पाणबुडी. तिचे कान कितीतरी तिखट. आणि खाली होतं तेच उथळ पाणी. आपल्या किनाऱ्यावरची समुद्राखालची जमीन इथे सर्वांत रुंद आहे. सुमारे तीनशे किलोमीटर आत गेलं तरी समुद्र फारसा खोल होत नाही.

खुकरीवर लेफ्टनंट व्ही. के. जैन नावाचे तरुण अधिकारी होते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात काम करून त्यांनी या जुन्या सोनारची पोच वाढवणारं एक उपकरण तयार केलं होतं. त्याची चाचणी खुकरीवर चालू होती. कमजोर आवाज ऐकायचा तर स्वतःचा आवाज कमी हवा, म्हणून जहाजाचा वेग कमी ठेवला होता, असं नंतरच्या लिखाणात वारंवार आलं आहे, आणि त्यावर वादही झाले आहेत. पाणबुडीच्या शिकारीत हळू चालणं म्हणजे स्वतः शिकार होण्याचा धोका पत्करणं. पण नीट ऐकायचं तर हळूच चालावं लागतं. या कात्रीतून सुटका नव्हती.

रात्री पावणेनऊच्या सुमारास, दीवपासून साधारण ४० सागरी मैलांवर, हंगोरने पहिला टॉर्पेडो किरपाणवर सोडला. तो फुटला नाही. दुसरा खुकरीला लागला. काही मिनिटांत जहाज बुडालं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ६७ जण वाचले, त्यांना दुसऱ्या दिवशी ‘कच्छल’ या जहाजाने उचललं. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि ते जहाजाबरोबरच गेले. लेफ्टनंट जैनही गेले, त्यांचं उपकरणही. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडवल्याची ही पहिलीच घटना. पुढे चार दिवस भारतीय जहाजांनी आणि विमानांनी तो पट्टा पिंजून काढला, तरी हंगोर कराचीला सुखरूप पोचली. त्या उथळ पाण्याने तिला लपवलं.

माझ्या मनात हा प्रश्न बरेच दिवस घोळत होता: खुकरीच्या मागे टोड ॲरेचं शेपूट असतं तर? वाचत गेलो तसं उत्तर ‘कदाचित नाही’ असंच येत गेलं. बॅटरीवर दबकत चालणारी डिझेल पाणबुडी जवळजवळ नि:शब्द असते. ती आवाज करते ती बॅटरी भरायला नळी वर काढून इंजिन चालवते तेव्हा. त्या वेळी ती शेपटाला सापडली असती. पण हल्ल्याच्या तासाभरात, सत्तर-ऐंशी मीटर पाण्यात, किनाऱ्यावरच्या गोंगाटात? कठीण आहे. नुसतं यंत्र चांगलं असून भागत नाही. त्या दिवशीचं, त्या जागेचं पाणी माहीत असावं लागतं. तळ गाळाचा की वाळूचा, वरचा थर किती तापलाय, लाटा किती. इंजिनिअर जेवढा लागतो तेवढाच समुद्रशास्त्रज्ञही लागतो.

आपल्याकडे हे काम करणारी संस्था म्हणजे कोचीची नेव्हल फिजिकल अँड ओशनोग्राफिक लॅबोरेटरी. नावातच भौतिकशास्त्र आणि समुद्रशास्त्र दोन्ही आहेत, ते बरोबरच आहे. युद्धानंतर जुनी ब्रिटिश सोनार सुधारण्याचं काम दिल्लीच्या आयआयटीत आरोग्यस्वामी पॉलराज या नौदल अधिकाऱ्याने केलं. पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीत घडलेला माणूस. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताचं पहिलं मोठं स्वदेशी सोनार ‘अपसोह’ तयार झालं, ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘हिमगिरी’ या जहाजावर बसलं. टोड ॲरेचा प्रवास मात्र लांबला. याच प्रयोगशाळेचा ‘नागण’ नावाचा प्रकल्प झाला (शेपटाला नाव शोभतं!), त्यानंतर ‘अल्टास’. दरम्यान गरज भागवायला २०१४ साली जर्मनीच्या ॲटलस इलेक्ट्रॉनिक कंपनीशी सहा संचांचा करार झाला. आजच्या अशा संचांत शेपूट नुसतं ऐकत नाही. त्याच्यासोबत एक खर्जातला आवाज टाकणारं यंत्रही पाण्यात सोडतात, कारण नि:शब्द पाणबुडीसाठी नुसतं कान लावून बसणं पुरत नाही.

थोडं विषयांतर करतो, पण ते आपल्या सगळ्यांच्या खिशातलं आहे. हेच पॉलराज पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले. १९९२ साली त्यांनी एक कल्पना मांडली: रेडिओ लहरी इमारतींवर आपटून अनेक वाटांनी येतात, ही कटकट न समजता अनेक अँटेना लावून त्याच वेगवेगळ्या वाटांवरून वेगवेगळा मजकूर पाठवला तर? तिला मायमो म्हणतात. आजचं वायफाय, ४जी, ५जी यावरच उभं आहे. सोनारमधून ती थेट आली असं मी म्हणणार नाही. पण कानांच्या ओळीने मिसळलेले आवाज वेगळे करण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसालाच हे सुचावं, याचं मला नवल वाटत नाही. गंमत म्हणजे सोनारवाल्यांनीही हाच रस्ता धरला. उथळ पाण्यातले टप्पे खाणारे आवाज गाळून टाकण्याऐवजी, पाण्याचा आणि तळाचा नकाशा हाताशी ठेवून, ‘आवाज अमुक ठिकाणाहून निघाला असता तर इथे कसा पोचला असता’ हे गणकावर मांडून पाहायचं आणि जुळतं कुठे ते बघायचं. विहिरीतले दहा प्रतिध्वनी एकत्र वाचले तर विहिरीची खोलीही कळते आणि हाक मारणाराही.

आता अगदी अलीकडचं. उथळ पाण्यात पाणबुड्या शोधण्यासाठी नौदलाने सोळा छोट्या नौका बांधायला घेतल्या. त्यातली पहिली १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमला नौदलात दाखल झाली. तिचं नाव ‘अर्नाळा’, आपल्या वसईजवळचा, मराठ्यांनी चिमाजीअप्पांच्या काळात बांधलेला तोच जलदुर्ग. किनाऱ्यालगतच्या पाण्यावर नजर ठेवायला बांधलेल्या किल्ल्याचं नाव, त्याच कामाच्या नौकेला. हव्या त्या खोलीवर सोडता येणारं सोनार तिच्यावर आहे. म्हणजे जिथे आवाज नीट पोचतो तो थर शोधायचा आणि कान तिथे नेऊन धरायचा.

अर्नाळा आली ती खुकरी बुडाल्यावर साडेत्रेपन्न वर्षांनी. उशीर झाला का? झालाच. पण हा विषय पैसे टाकून विकत घेण्यासारखा नाही, हेही तितकंच खरं. जर्मनीचं यंत्र जर्मनीच्या समुद्रात शिकलेलं असतं. दीवच्या गाळाचं, डिसेंबरातल्या पाण्याचं, आपल्या कोळंब्यांच्या टकटकीचं गणित आपल्यालाच वर्षानुवर्षं जहाजं पाठवून मांडावं लागतं. १९९४ पासून ‘सागरध्वनी’ हे प्रयोगशाळेचं जहाज तेच करत आलंय. समुद्राचा आवाज मोजत फिरायचं, एवढंच त्याचं काम. त्याच्यावर कोणी सिनेमा काढणार नाही. पण लेफ्टनंट जैन खुकरीवर जे करू पाहत होते, त्याचंच हे पुढचं पान आहे असं मला वाटतं.

सोमनाथ-द्वारकेला जाताना आपल्याकडचे बरेच जण दीवला थांबतात. तिथे समुद्राकडे तोंड करून खुकरीचं स्मारक आहे, काचेत जहाजाची प्रतिकृती ठेवलेली. पुढे हेच नाव दिलेली दुसरी ‘खुकरी’ २०२१ साली निवृत्त झाली, तीही २०२२ साली दीवच्या प्रशासनाकडे सुपूर्द केली आहे. गेलात तर स्मारकापाशी दहा मिनिटं जास्त थांबा. समोर जे शांत, उथळ पाणी दिसतं ना, त्यात आपल्या काटेपूर्णेचीही थोडी माती आहे.